पाणी धरून ठेवणारं जाळं

वांद्र्याच्या हिल रोडवर चष्म्याच्या दुकानात मिळणारी मऊ कॉन्टॅक्ट लेन्स बोटाला गिळगिळीत लागते. तीच रात्रभर डबीबाहेर राहिली, तर सकाळी कडक होते आणि दाबताच तुटते. मऊपणा सगळा पाण्याचा. पाणी गेलं की तोही गेला.

ही लेन्स म्हणजे हायड्रोजेल. पाण्याची ओढ असलेल्या लांबलचक रेणूंच्या साखळ्या यात जागोजागी एकमेकींना बांधलेल्या असतात. ओढीमुळे पाणी आत शिरतं, जाळं फुगतं. गाठींमुळे ते विरघळत नाही. गाठी कमी असल्या तर पाणी भरपूर, पण जेल लेचंपेचं. गाठी वाढवल्या तर जेल घट्ट, पण पाणी कमी. कोणत्या कामाला किती गाठी, हेच यातलं खरं कसब.

डोळ्याच्या पारपटलात रक्तवाहिन्या नसतात; जागेपणी त्याला प्राणवायू मुख्यतः हवेतून मिळतो. म्हणून वर लेन्स बसवली, तर तिच्यातून तो पार व्हायला हवा. चेक रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्तरले आणि द्राहोस्लाव लिम यांनी १९६० साली ज्या जेलची माहिती प्रसिद्ध केली, त्याच्या लेन्समध्ये सुमारे ३८ टक्के पाणी असतं. त्या पाण्यातूनच प्राणवायू आत झिरपतो.

भाजलेल्या जखमेलाही ओल लागते. जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं, की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेपेक्षा जवळपास दुप्पट वेगाने धरते. जेलची पट्टी ही ओल टिकवते, आग शमवते आणि काढताना कोवळी त्वचा सोलून काढत नाही. शिवाय ती पारदर्शक असल्याने खालची जखम दिसत राहते.

अशी पट्टी मुंबईतच, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात विकसित झाली. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल या पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थावर किरणांचा मारा केला, की साखळ्यांमध्ये गाठी पडतात. त्यासाठी वेगळं रसायन घालावं लागत नाही, त्यामुळे ते जखमेत उतरण्याची भीती नाही. तेच किरण पट्टी निर्जंतुकही करतात.

तरी ही पट्टी सर्वगुणसंपन्न नाही. जखमेतून खूप स्राव वाहत असेल, तर आधीच पाण्याने भरलेलं जेल आणखी किती शोषणार? खोल भाजलं असेल, तर शस्त्रक्रिया लागू शकते.

आणि घरात कुणाला भाजलं, तर पट्टी शोधत बसू नका. भाजलेला भाग वीस मिनिटं वाहत्या नळाखाली धरा. टूथपेस्ट, शाई, तूप काही लावू नका. मग डॉक्टर गाठा.