सरत्या वर्षाच्या रात्रीचें ग्रहण

वाचा : यिर्मया १०:१-५

सन २०२८ च्या डिसेंबरच्या ३१ व्या तारखेस, म्हणजे ज्या रात्रीं आपल्या मंडळ्या सरत्या वर्षाच्या उपासनेसाठीं मंदिरांत जमतात त्याच रात्रीं, खग्रास चंद्रग्रहण आहे. तें आपल्या देशांत आरंभापासून शेवटपर्यंत दिसेल. साडेआठ वाजून गेल्यावर चंद्राच्या कडेस काळिमा लागेल. पावणेदहाच्या सुमारास तो पुरता सांवलींत बुडेल. अकराला थोडीं मिनिटें उरलीं असतां पुन्हां प्रकाश फुटेल. आणि शेवटची सांवली सुटेल तेव्हां नवें वर्ष लागून पांच-सहा मिनिटें झालेलीं असतील. त्या रात्रीं मंडळीनें काय करावें, हें आधींच बोलून ठेवणें आम्हांस बरें वाटतें.

कारण ग्रहण लागलें कीं आपल्याहि कित्येक घरांत दिवस भरत आलेल्या सुनेस आंतल्या खोलींत बसवितात. तिला विळी हातीं घेऊं देत नाहींत, पाणी पिऊं देत नाहींत, कूसहि बदलूं देत नाहींत. विचारलें तर सासूबाई म्हणतात, "आम्ही कांहीं मानत नाहीं हो, पण उगाच विषाची परीक्षा कशाला?" त्या माउलीस आम्ही हसत नाहीं. ती आपल्या नातवंडाच्या जिवासाठींच भिते. परंतु भय तिचें आणि तहान सुनेची, हें आम्हांस सोसवत नाहीं. आकाशांतील चिन्हांस भिऊं नका, असें यिर्मयानें देवाच्या लोकांसच बजावलें होतें, परक्यांस नव्हे.

भिण्याजोगें तेथें आहे तरी काय? आपल्याच देशांतील आर्यभटानें सन ४९९ च्या सुमारास लिहून ठेविलें कीं, चंद्रास झांकणारी वस्तु पृथ्वीची सांवली होय. त्या सांवलींतहि चंद्र अगदीं काळा न होतां तांबूस दिसतो. कारण पृथ्वीभोंवतींच्या हवेंतून वांकून गेलेला सूर्यप्रकाश त्याजवर पडतो. त्या घटकेस जगांत जेथें जेथें सूर्य उगवत वा मावळत असेल, तेथली सारी लाली मिळून चंद्रावर पोहोंचते.

ही लाली दाखवून लोकांस भिवविणारेहि आहेत, आणि ते सगळे परधर्मीयच असतात असें नाहीं. सन १५०४ मध्यें कोलंबस जमेका बेटावर आपल्या मोडक्या गलबतांसह अडकून पडला होता. तेथील रहिवाशांनीं अन्न पुरविण्याचें थांबविलें. २९ फेब्रुवारीस ग्रहण आहे हें त्याच्याजवळील पंचांगांत लिहिलें होतें. त्यानें त्यांस सांगितलें कीं, तुम्हांवर देव कोपला आहे, तो आज चंद्रावर आपला कोप दाखवील. चंद्र लाल होतांच ते बिचारे रडत अन्न घेऊन धांवले. आणि ग्रहण सुटण्याची वेळ येतांच ह्यानें देवाची क्षमा जाहीर केली! त्याचें पंचांग खरें होतें. देव मात्र त्यानें खोटा सांगितला. जे उपदेशक योएलाच्या दुसऱ्या अध्यायांतील रक्तासारख्या चंद्राची गोष्ट सांगून तेथेंच थांबतात, त्यांनीं पुढील वचनहि वाचावें. पेत्रानें यरुशलेमेंत तें वाचलें होतें. प्रभूचा धांवा करणाऱ्या प्रत्येकाचें तारण होईल, येथपर्यंत तो आला.

आणखी एक गोष्ट सांगतांना लेखणी अडखळते. आपल्यापैकीं कित्येकांचे पणजे ग्रहणाच्या वेळीं "दे दान, सुटे गिराण" अशी हांक मारीत गांवांतून फिरत. ज्यांची सांवली एरव्हीं अंगावर पडूं द्यावयाची नाहीं, त्यांच्या पदरांत त्या एका रात्रीं जुनें लुगडें व पसाभर धान्य पडे. तें घेऊन ते पुन्हां गांवकुसाबाहेर जात. आतां चंद्रावर पडते ती सांवली कोणाची? साऱ्या पृथ्वीची. तींत वाड्याची सांवली निराळी आणि वस्तीची निराळी असें कोणासहि काढून दाखवितां येणार नाहीं. कुलकर्ण्याचें घर, महारवाडा, देऊळ, आपलें मंदिर, सर्व त्या एकाच गोल काळिम्यांत आहेत. वर्षाच्या पापांचा अंगीकार करण्यास त्याहून योग्य घटका आम्हांस सुचत नाहीं.

म्हणून आमची विनंति अशी कीं, त्या वर्षीं उपासना नऊ वाजतांच सुरू करावी, आणि पावणेदहास सर्वांनीं अंगणांत यावें. चंद्रग्रहण उघड्या डोळ्यांनीं पाहण्यांत कांहींहि अपाय नाहीं; सूर्याची गोष्ट वेगळी. शेजारच्या आळीलाहि बोलवावें. थंडी असेल, तरी मुलांस घोंगड्यांत गुंडाळून आणावें. गरोदर बहिणींसाठीं खुर्च्या पुढें मांडाव्या व पाण्याचा हंडा तेथेंच ठेवावा. आणि पहिला पेला भरून सुनेस देण्याचें काम सासूबाईंकडेच सोंपवावें.