मारव्यातला सा

पुण्यातल्या एका तरुणाला गाण्याची नव्यानंच गोडी लागली होती. फोनवर तो मोठमोठ्या गवयांचे ख्याल लावी, पण विलंबित सुरू झालं की बोटानं पुढे सरकवी आणि थेट द्रुतावर येई. ताना त्याला फार आवडत. मामांनी हे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "यंदा सवाईला चल माझ्याबरोबर."

भीमसेन जोशींनी आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ १९५३ साली हा महोत्सव सुरू केला. डिसेंबरातल्या संध्याकाळी मामा-भाचे मुकुंदनगरच्या मंडपात भारतीय बैठकीवर जाऊन बसले. सूर्य मावळायच्या सुमाराला गायिकेनं मारवा मांडायला घेतला.

नवख्याला हा राग सोपा नाही. त्यात पंचम वर्ज्य, म्हणून तानपुऱ्याची पहिली तारही निषादावर किंवा धैवतावर लावतात. गाणारा कोमल रिषभावर आणि धैवतावर रेंगाळतो आणि षड्जाला सारखी बगल देतो. ऐकणाऱ्याला टेकायला जागाच मिळत नाही.

थोड्याच वेळात भाच्याची चुळबूळ सुरू झाली. "मामा, सारखं काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतंय."

"वाटू दे. त्यांना तेच हवंय. तू तानपुऱ्याची जोडी ऐक."

त्यानं कान दिला. जोडीच्या तारांवर सा अखंड वाजत होता, गळ्यातून मात्र येत नव्हता. एकतालाची बारा मात्रांची आवर्तनं संथ चालली होती. गायिका निषादावर आली. आता सा घेणार म्हणून भाचा पुढे झुकला, तर ती तिथून परस्पर कोमल रिषभावर गेली. मग खाली धैवतावर. पुन्हा निषाद, पुन्हा हुलकावणी. अशी कितीतरी आवर्तनं गेली आणि अवचित सा लागला, भरघोस, लांबलचक. मंडपभर दाद उठली. भाच्याच्या तोंडूनही "वा!" निघून गेलं. इथे दाद द्यायची असते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढे तीनतालात द्रुत बंदिश आली, तानाही आल्या. एवढ्या वेगातसुद्धा नी-रे, नी-रे करत सा कसा चुकवला जातोय, हे त्याला आता स्वच्छ ऐकू येत होतं.

गाणं संपल्यावर चहाच्या रांगेत त्यानं विचारलं, "मामा, मारवा अजून कुणाचा ऐकू?"

"आमीर खाँसाहेबांचा. झुमऱ्यात गायलेत, चौदा मात्रांच्या. आणि लय याहूनही संथ."

"मग सा किती वेळानं येतो?"

"ते मी कशाला सांगू?" मामा म्हणाले आणि चहाचा कप त्याच्या हातात दिला.