फुकटाचे खाते

फुकट मिळालेली वस्तू जमेला धरावी की नावे टाकावी, हे बी. कॉम. होऊनही मला उमगलेले नाही.

१९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टॉरव्हाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने संगणक चालवणाऱ्या प्रणालीचा गाभा लिहून जगापुढे उघडा ठेवला. तो लिनक्स. पुढच्या वर्षापासून त्याला मुख्य अट लागली ती अशी: सुधारून इतरांना वाटाल, तर सुधारणेची कृतीही द्या. डिसेंबर २००० मध्ये आयबीएमसारख्या, यंत्रे विकून मोठ्या झालेल्या पेढीने जाहीर केले, की येत्या वर्षात लिनक्सवर एक अब्ज डॉलर खर्चणार!

“यात कसला आलाय परोपकार?” मी घरी म्हणालो. “प्रणाली फुकट, म्हणजे यंत्रं जास्त खपणार.”

“अहो, पण त्यांनी केलेल्या सुधारणा सगळ्यांना मिळाल्या ना? हेतू घेऊन काय करायचंय?”

मी गप्प. हिशेबातल्या फरकाला नवाने भाग गेला, तर बहुधा कुणीतरी ६३ चे ३६ केलेले असतात. ही युक्ती मी शेजारच्या टेबलापासून वीस वर्षे लपवली होती. स्वार्थी पेढीने वाटले आणि निःस्वार्थी मी दडवले!

दुसऱ्याच दिवशी नव्या मुलाला ती सांगून टाकली.

“सर, हे आम्हाला अकरावीतच शिकवलंय,” तो म्हणाला. आणि तो फरक संगणकावर चटकन शोधायची रीत त्याने मला दाखवली.

अट पाळली गेली म्हणायची. जमा माझीच झाली.