वाचून कायम

परळ-लालबाग भागात एक संस्था प्रौढांसाठी रात्रीचे वर्ग चालवत असे. दिवसा ज्या बाकांवर तिसरीची मुलं बसत, त्याच बाकांवर संध्याकाळी सातनंतर धुणीभांडी करणाऱ्या बायका, हमाल, वॉचमन गुडघे आखडून बसत. कोणी अक्षरओळखीचं, तर कोणी १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीच्या तयारीला लागलेलं.

संस्थेचा कारभार सात जणांचं कार्यकारी मंडळ पाही. सगळे मानद. निवृत्त पोस्टमास्तर अध्यक्ष, कापडाचे दुकानदार खजिनदार, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ कार्यवाह. संस्थेच्या पैशाला कोणी शिवत नसे, उलट वेळप्रसंगी पदरचे घालत. अशाच माणसांच्या जिवावर आपल्याकडच्या कितीतरी शाळा आणि वाचनालयं उभी आहेत, हे आधी सांगितलं पाहिजे.

मंडळाची सभा महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी भरे. पहिला विषय ठरलेला असे : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. कार्यवाह वही उघडत, ‘वाचलं असं धरू या’ म्हणत आणि वही बटाटेवड्यांच्या ताटलीमागोमाग फिरे. सह्या होत. मग जमाखर्चाचा कागद येई, त्यावरही सह्या होत. कागद हातात घेऊन वाचत बसणं म्हणजे खजिनदारांवर अविश्वास दाखवणं, असं प्रत्येकाला वाटे. आणि खजिनदार तर देवमाणूस होते.

एका वर्षी मंडळावर पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या एक बाई आल्या. चाळिशी उलटल्यावर त्या याच वर्गांत लिहायला-वाचायला शिकल्या होत्या. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणीतरी असावं म्हणून त्यांना घेतलं होतं. पहिल्याच सभेत वही त्यांच्यासमोर आली. त्यांनी चष्मा लावला, ओळीखाली बोट धरलं आणि पुटपुटत वाचायला सुरुवात केली. वडे निवले. कोणी घड्याळाकडे पाहू लागलं.

“ताई, करा सही. सगळं बरोबर आहे,” अध्यक्ष समजुतीनं म्हणाले.

“करते की, अण्णा. एवढं पान होऊ द्या.”

“अहो, आम्ही सगळ्यांनी केली आहे.”

बाईंनी बोट ओळीवरून हलवलं नाही. म्हणाल्या, “अण्णा, वर्गात आमच्या गुरुजींनी पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट सांगितली होती. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांकडची कर्जखतं काढून घेऊन जाळली. त्यांतल्या कितीकांना त्या कागदावर काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं. अंगठा तेवढा त्यांचा होता. त्याच्या वीस वर्षं आधी जोतिरावांनी आणि सावित्रीबाईंनी पुण्यात राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. पण एक शाळा किती गावांना पुरणार? न वाचता अंगठा उठवायचा नाही, हा आमचा पहिला धडा. मग इथं न वाचता सही कशी करू? तोही अंगठाच की.”

कोणी काही बोललं नाही. बाईंनी इतिवृत्त संपवलं आणि जमाखर्चाचा कागद ओढला. जरा वेळानं त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

“दहावीच्या मुलींची परीक्षा फी जमा दिसतेय. खर्चाच्या बाजूला मात्र कुठं नाही. बोर्डात भरली ना?”

खजिनदारांनी कार्यवाहांकडे पाहिलं, कार्यवाहांनी खजिनदारांकडे. प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्यानं भरली असेल. पैसे बँकेत रुपयान् रुपया सुरक्षित होते, आणि मुलींचे अर्ज कपाटात. विलंब शुल्कासह फी भरायला सोमवारपर्यंत मुदत होती. आणखी चार ओळी वाचल्यावर विश्वस्तांच्या यादीत वारलेल्या दोघांची नावंही सापडली. विश्वस्त बदलला की धर्मादाय कार्यालयात नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, तोही राहिला होता.

अध्यक्ष खजिनदारांकडे पाहत अवघडून म्हणाले, “हे तुमच्यावर नाही हं.”

खजिनदारांनी चष्मा काढून पुसला. “एवढी वर्षं कुणी काही विचारलंच नाही हो,” ते म्हणाले. “विचारलं असतं तर मलाही आठवलं असतं.”

मला या गोष्टीत सगळ्यात मोलाचं वाटतं ते खजिनदारांचं हे वाक्य. आपण भिडेपोटी प्रश्न विचारत नाही आणि त्याला विश्वास म्हणतो. ज्याच्यावर विश्वास टाकला, त्याला मात्र आपण त्या ओझ्यासकट एकटं सोडलेलं असतं. बाईंनी प्रश्न विचारून त्या देवमाणसाचा अपमान केला नाही, त्याला हात दिला.

सोमवारी फी भरली गेली. विलंब शुल्क सातही जणांनी आपापल्या खिशातून दिलं, मुलींकडे मागितलं नाही. चेंज रिपोर्ट उशिराच्या माफीच्या अर्जासह दाखल झाला. पुढच्या दुसऱ्या शनिवारी कार्यवाहांनी वही उघडली आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचली. वडे त्यानंतर आले.

वाचकहो, तुम्हीही एखाद्या वाचनालयाच्या, पतसंस्थेच्या किंवा सोसायटीच्या कमिटीवर असाल. पुढच्या सभेत वही समोर आली की चहाचा कप बाजूला ठेवा, आणि सही करण्याआधी ते पान कोणालातरी मोठ्यानं वाचायला सांगा.