समाधान: कोणत्या अर्थाने?

भिलाईत राहणाऱ्या मराठी माणसाच्या कानावर ‘समाधान’ हा शब्द दोन अर्थांनी पडतो. हिंदीत समाधान म्हणजे अडचणीचे उत्तर, मराठीत मनाची तृप्ती. हिंदीतला अर्थ मराठीने ‘शंकासमाधान’ या जोडशब्दात तेवढा सांभाळला आहे. कोरोनाकाळातल्या ऑनलाइन शिक्षणाने विद्यार्थ्यांचे समाधान झाले का, असे विचारताना आपण कोणता अर्थ धरतो?

छत्तीसगडच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२१ मध्ये बारावीची परीक्षा घरून लिहू दिली. प्रश्नपत्रिका केंद्रावरून न्यायच्या आणि पाच दिवसांत उत्तरे लिहून आणून द्यायच्या. निकाल ९७.४३ टक्के लागला. २०२२ मध्ये परीक्षा पुन्हा केंद्रांवर झाली, तेव्हा तो ७९.३० टक्के होता. २०२१ ची ही मुले दुर्ग-भिलाईच्या महाविद्यालयांत शिकायला आली. त्या काळात राज्यातल्या विद्यापीठांनीही उत्तरपत्रिका घरूनच लिहून घेतल्या होत्या.

मुलांनी पुस्तके उघडून लिहिले, असे म्हणून दोष त्यांच्या माथी मारणे सोपे आहे. पण घरी पुस्तक समोर असणार, हे परीक्षा घेणाऱ्यांनाही ठाऊक होते. एप्रिल २०२१ मध्ये दुर्ग जिल्ह्यात टाळेबंदी होती, घराघरांत आजारपण होते. तेव्हा सवलत देणे माणुसकीचेच होते. चूक झाली ती पुढे. सवलतीलाच आपण मूल्यमापन म्हणू लागलो.

भिलाईच्या पोलाद कारखान्यात रेल्वेचे रूळ तयार होतात. रुळाच्या पोटातली चीर वरून दिसत नाही, म्हणून तो ध्वनिलहरींनी तपासतात. चीर निघाली तर रूळ बाजूला काढावा लागतो. माणसाचे तसे नाही. त्याला पुन्हा शिकवता येते. म्हणूनच ‘हे तुला अजून आलेले नाही’ असे वेळेवर ऐकायला मिळणे हा विद्यार्थ्याचा हक्क आहे. वर्गात एखाद्याच्या कपाळावरची आठी पाहून शिक्षक थांबतो, तोच भाग पुन्हा सांगतो. डेटा पुरवायचा म्हणून कॅमेरा बंद ठेवलेल्या मुलाची आठी कुणाला दिसणार? गुण मिळाले, घरचेही सुखावले. शंका मात्र त्याच्यापाशीच राहिली. मराठीतले समाधान पदरात पडले, हिंदीतले राहून गेले.

आता ही मुले नोकरीला लागली आहेत आणि ‘कोविड बॅच’ हा टोमणा ऐकत आहेत. पदवीवर सही संस्थेची असते, कमीपणा मात्र एकट्या विद्यार्थ्याच्या वाट्याला येतो. हे न्याय्य नाही. ज्यांनी उत्तीर्ण केले, त्यांनी सुटलेला भाग पुन्हा शिकण्याची सोय, फी न घेता आणि पदवीला धक्का न लावता, खुली ठेवायला हवी. आणि शेजारच्या टेबलावरच्या तरुण सहकाऱ्याने अगदी प्राथमिक प्रश्न विचारला, तर त्याला न हसता उत्तर देणे, एवढे आपल्यापैकी कुणालाही आजपासून जमण्यासारखे आहे. शंकासमाधान तिथूनही सुरू होऊ शकते.