काचेवरच्या दोन रेघा

तारापूरशेजारच्या चिंचणीत एक डायमेकर राहत होता. दागिन्यांचे साचे घडवण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. एक मुलगा त्याच्याकडे काम शिकायला आला. डायमेकरनं साच्यात दाबलेल्या चांदीच्या वीस टिकल्या त्याच्यापुढे ठेवल्या. "एकेकीची जाडी मोज आणि वहीत लिही."

मुलगा मोजू लागला. काही टिकल्या 0.48 मिलिमीटर भरल्या, काही 0.52. मधली एकही नाही. साचा एक, मग असं कसं? आपलाच हात चुकला असेल, असं म्हणून त्यानं सगळ्यांपुढे 0.50 लिहून टाकलं.

डायमेकरनं टिकल्या चिमटीत धरून पाहिल्या. वही मिटली. मुलाला घेऊन तो शेजारच्या आजोबांकडे गेला. तारापूरचं अणुविद्युत केंद्र 1969 साली सुरू झालं, तेव्हापासून निवृत्तीपर्यंत आजोबांनी तिथे काटे बघून नोंदी ठेवल्या होत्या.

आजोबा म्हणाले, "चांदीचीच गोष्ट सांगतो. 1922 साल. जर्मनीतलं फ्रँकफुर्ट. ओटो श्टेर्न यांची कल्पना, वाल्टर गेरलाख यांचे हात. भट्टीत चांदी तापवली. हवा काढलेल्या नळीत तिची वाफ बारीक फटीतून सोडली आणि चुंबकाच्या दोन टोकांमधून नेली. एका टोकाला धार, दुसऱ्याला खाच. म्हणून धारेकडे चुंबकाचा जोर अधिक. चांदीचा प्रत्येक अणू म्हणजे इवलंसं चुंबक. जसा त्याचा कल, तसा तो वर किंवा खाली ओढला जाणार. कल तर कसेही असतील. म्हणजे समोरच्या काचेवर रुंद पट्टा उमटायला हवा. जुना हिशेब हेच सांगत होता."

"मग?"

"दोन रेघा उमटल्या. मध्ये रिकामं."

मुलानं मान खाली घातली.

"त्यांनी मधली जागा भरली नाही," आजोबा म्हणाले. "खरं कारण त्यांनाही ठाऊक नव्हतं. इलेक्ट्रॉनच्या कक्षेमुळे असं होतं, असं ते समजत होते. ते चुकलं. 1925 साली दोन तरुण डच शास्त्रज्ञांनी मांडलं की इलेक्ट्रॉनला स्पिन नावाचा अंगचाच एक गुण असतो. मग हळूहळू उलगडा झाला. चांदीच्या अणूत 47 इलेक्ट्रॉन. 46 जणांचं चुंबकत्व आपसांत फिटतं. उरतो एकटा. त्याला चुंबकानं विचारलं, तर तो दोनच उत्तरं देतो, वर नाहीतर खाली. कारण बदललं, पोरा. काचेवरच्या रेघा बदलल्या नाहीत."

मुलानं परत येऊन वीसच्या वीस टिकल्या पुन्हा मोजल्या. पुन्हा तेच दोन आकडे. या वेळी त्यानं तेच लिहिले.

चार दिवसांनी डायमेकरला छडा लागला. पत्रा दोन वेगळ्या ठिकाणांहून लाटून आला होता. तो मुलाला म्हणाला, "दिसलं ते आधी लिहायचं. का दिसलं, ते मागून कळतं."

मुलानं 0.50 चे आकडे पुसले नाहीत. त्यांवर एक रेघ मारली, शेजारी तारीख घातली आणि पुढचं पान उघडलं.