अल्प औषध आणि पुरेशी शुश्रूषा

थोडक्या, स्वस्त औषधावर भागवणे ही गरिबीतली नाइलाजाची सोय आहे की जाणून स्वीकारावे असे मूल्य? भिक्षूंचे नियम सांगणाऱ्या बौद्ध विनयपिटकाने या प्रश्नाचा बारकाईने विचार केला आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील अजिंठ्याचे विहार आणि शहरालगतची औरंगाबाद लेणी ही अशा नियमांनी राहणाऱ्या भिक्षूंची निवासस्थाने होती.

पाली विनयात भिक्षुजीवनाचे चार किमान आधार सांगितले आहेत: भिक्षान्न, चिंध्यांचे चीवर, झाडाखालचा निवास आणि गोमूत्राचे औषध. आजाऱ्याला याहून अधिक औषधे घेण्याची मुभा आहे. विनयाच्या महावग्ग या भागातील सहाव्या प्रकरणात हळद, आले, वेखंड, कडुनिंबाचा व तुळशीचा पाला, हिरडा, बेहडा, आवळा, मिरी, पिंपळी यांची नोंद येते. मराठवाड्यातील आजीबाईच्या बटव्यातही हीच औषधे सापडतात. विनयानुसार भिक्षूला ती आयुष्यभर जवळ ठेवता येतात. वापर मात्र आजाराचे कारण असेल तरच. तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी यांना सात दिवसांची मर्यादा आहे; भिक्षूंनी त्यांचे साठे केल्यावरून ती घातली गेली. म्हणजे औषधाचे माप किमतीने नव्हे, गरजेने ठरते.

गरजेलाही बंधन आहे. विनयातील कथेनुसार, तक्षशिलेत वैद्यक शिकणाऱ्या आणि पुढे बुद्धांचा वैद्य झालेल्या जीवकाला आचार्यांनी योजनभर परिसरातून औषधी नसलेली वनस्पती आणायला सांगितले. त्याला एकही मिळाली नाही. तरीही भिक्षूने जिवंत वनस्पती तोडणे विनयाला मान्य नाही. सर्व काही औषध आहे, म्हणून सर्व काही ओरबाडता येत नाही. मुळासकट उपटलेले झुडूप पुढच्या रुग्णाला उरत नाही, हे आज रानातून वनौषधी गोळा करणाऱ्यालाही लागू आहे.

तिसरा मुद्दा शुश्रूषेचा. अतिसाराने स्वतःच्या मलमूत्रात पडलेल्या, सोबत्यांनी टाकून दिलेल्या भिक्षूला बुद्धांनी शिष्य आनंदासह स्वतः धुतले आणि आजाऱ्याची सेवा ही आपलीच सेवा मानावी, असे संघाला सांगितले. चांगल्या शुश्रूषकाला औषध तयार करता यावे, पथ्य-अपथ्य कळावे, घाणीची किळस नसावी आणि त्याने लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, अशी अपेक्षा विनयात आहे.

या निकषांवर काटकसर आणि हेळसांड वेगळ्या ठरतात. साध्या सर्दी-खोकल्याला आले-तुळशीचा काढा पुरेसा असू शकतो. कावीळ, सर्पदंश किंवा धाप लागणे यांत केवळ पैसे वाचवण्यासाठी घरगुती उपायांवर थांबणे म्हणजे आजाऱ्याला टाकून देणेच होय. तेथे छत्रपती संभाजीनगरचे शासकीय घाटी रुग्णालय गाठणे हाच शुश्रूषेचा धर्म. जीवक शस्त्रक्रियाही करीत असे. वनस्पती आणि शस्त्र यांत त्याला विरोध दिसला नाही. अल्प औषध मूल्य ठरते ते आजाऱ्याची गरज पूर्ण भागते तेव्हाच.